जुना आगीचा बंब घ्यावा का? (मी नवशिका, सांभाळून घ्या)

सड्यावरचा_गणू

नमस्कार मंडळी. मी राजापूर तालुक्यातला. मुंबईतली नोकरी सोडून चार वर्षांपूर्वी गावी आलो. हापूसची कलमं आहेत, थोडी काजू आहे. यंत्रांचं ज्ञान म्हणाल तर ग्रासकटरचा प्लग साफ करता येतो आणि वडिलांची जीप दोनदा गॅरेजपर्यंत ढकलत नेली आहे.

आता मुद्दा. इथून दीड तासावर एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात त्यांचा स्वतःचा आगीचा बंब उभा आहे. टाटाची शासी, लांब नाक, मागे पंप, दोन्ही अंगांना शटरचे कप्पे, टपावर लाकडी शिडी, डाव्या दाराशेजारी पितळी घंटा. पुढच्या जाळीवर तीन टोकांच्या ताऱ्याचा नुसता वण राहिलाय, तारा कुणीतरी उपटून नेला. मीटरवर १९,००० किलोमीटर. वॉचमन म्हणतो दहा वर्षांपूर्वी चालू होता. भंगारवाला वजनावर न्यायला टपलाय. मालक म्हणतात, त्याच्यावर थोडे टाका आणि तुम्हीच घेऊन जा.

मी सहावीत असताना आमच्या काजूत वणवा शिरला होता. तालुक्याहून बंब येईपर्यंत सगळं जळून गेलं होतं, पण तो घंटा वाजवत पाणंदीच्या तोंडाशी येऊन थांबला ते अजून डोळ्यांसमोर आहे. एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही.

काय काय बघून घ्यावं? किती काम घरी होतं? आणि मुळात घ्यावा का?

फणसाचा_गरा

शीर्षक वाचून वाटलं तांब्याचा बंब घेताय. म्हटलं आमच्या आजीचा देऊन टाकू, नारळाची सोडणं घातली की दहा मिनिटांत कडकडीत पाणी. बाकी चालू द्या, मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

मालवणी_मेवा

गणू, तुका पैसो जड झालो काय रे? आमच्या शेजाऱ्यान असोच रोडरोलर घेतलो हुतो. अजून फणसाखाली उभो आसा. कोंबी त्येच्यात अंडी घालता.

वीणा_दापोली

एकच प्रश्न. ठेवणार कुठे? आमच्या ह्यांनी जुनी जीप आणली तेव्हा "पडवीत मावेल" म्हणाले होते. जीप मावली, आम्ही बाहेर. तुमचा बंब म्हणजे ट्रक आहे. जून ते सप्टेंबर तो कुठे उभा राहणार ते आधी ठरवा, मग घंटेकडे बघा.

जीपवाले_जोशी

वीणाताईंना अनुमोदन. एक सल्ला माझाही: खर्चाच्या दोन वह्या ठेवा. एक खरी, एक घरी दाखवायची.

वीणा_दापोली

जोशीबुवा, तुमची खरी वही कुठे असते ते वहिनींना माहीत आहे.

ब्रांच_पाईप

गणूदादा, मी अग्निशमन दलात एकतीस वर्षं होतो, त्यातली बरीच पंपावर. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, त्या १९,००० किलोमीटरवर जाऊ नका. बंब जागेवर उभा राहून काम करतो. इंजिनाची ताकद पीटीओमधून (गिअरबॉक्सला लावलेली वेगळी जोडणी) पंपाला जाते, चाकं स्थिर असतात, मीटर हलत नाही आणि इंजिन मात्र तीन-तीन तास गरगरत असतं. कारखान्याचा बंब असेल तर दर आठवड्याला कवायत, तीही उभ्याउभ्याच. माणसाचं वय बुटाच्या झिजेवरून काढावं तसं होईल ते.

दुसरी, पाण्याची टाकी. वरचं मॅनहोल उघडून बॅटरी मारा. बहुतेक जुन्या टाक्या लोखंडी पत्र्याच्या, आतून कुजतात आणि बाहेरून लाल चकचकीत दिसतात. आत आडवे पत्रे असतात, पाणी हिंदकळू नये म्हणून. ते सुटलेले असतील तर अर्ध्या भरलेल्या टाकीनिशी वळणावर गाडी तुमचं ऐकणार नाही. बंबात साधारण ४,५०० लिटर पाणी असतं, म्हणजे साडेचार टन. ते सगळं एका अंगाला धावलं की काय होतं ते मी घाटात एकदा बघितलंय, पुन्हा बघायची इच्छा नाही.

तिसरी, पंप. आतलं चाक आणि पंपाची कवटी बहुधा गनमेटलची असते, ती गंजत नाही. पण गनमेटल आणि पितळ म्हणजे चोराचं सोनं. कपलिंगं, झाकणं, नळाची तोंडं जागेवर आहेत का मोजा. शाफ्ट हाताने किंवा पान्याने फिरतो का बघा. आणि कोणी "चालू करून दाखवतो" म्हणालं तर पंप कोरडा चालवू देऊ नका. पाण्याशिवाय ग्लँड, म्हणजे शाफ्टभोवतीचं पाणी अडवणारं पॅकिंग, जळतं.

चौथी, कारखाना खाडीकाठी होता का? खारं पाणी ओढलं असेल आणि नंतर गोड्या पाण्याने पंप धुतला नसेल तर आतले व्हॉल्व्ह गेले असं समजा.

घंटेचं शेवटी बघू. ती काही पळून जात नाही.

फणसाचा_गरा

घंटाच आधी पळून जाते काका. तारा गेलाच आहे.

पुणेरी_निरीक्षक

तीन टोकांचा तारा हे मर्सिडीज-बेंझचे चिन्ह, त्यावरून गाडीचा काळ ठरवता येईल. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा होता. म्हणजे ही गाडी १९६९ च्या आतली.

तसेच "जुना आगीचा बंब" ही शब्दरचना सदोष आहे. आग जुनी की बंब जुना?

कोल्हापुरी_पाना

आग जुनीच हाय, गणूभाऊंच्या पोटात सहावीपासनं.

आणि तारा बघून वय ठरवू नका राव. आमच्याकडं ज्याला त्याला तारा लावायची हौस होती, सत्तरनंतरच्या गाड्यांवरबी लोकांनी मिरवलाय. शासी नंबर बघा, आरसी बघा. इंजिन ६९२ हाय का ६९७ ते बघा. दोन्हीचे पार्ट मिळतात, पण एकाचं म्हणून दुसऱ्याचं आणलं की हेलपाटा पडतोय.

पासिंगवाला_पंत

आता कडू बोलतो. कागद.

१) आरसी कंपनीच्या नावावर असेल. कंपनी बंद. विक्रीच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करायचा अधिकार आज कोणाला आहे? "मालक म्हणतात" याला आरटीओत किंमत नाही. मालमत्तेवर बँकेचा बोजा असेल तर मालक काहीही म्हणोत, तो बंब त्यांचा नाही.

२) लोक सांगतील नगरपालिकेच्या लिलावातून घे, स्वस्त पडतो. ते दिवस गेले. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि पालिकांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालत नाही, त्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात जातात. सूट आहे ती संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास गाड्यांना. म्हणून खासगी कारखान्याचा बंब हीच तुमच्यासारख्याची वाट, त्या अर्थी तुमचं नशीब बरं आहे.

३) "विंटेज म्हणून नोंदवतो" असं मनात असेल तर थांबा. २०२१ च्या नियमात पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण तो नियम दुचाकीला आणि एम-१ म्हणजे प्रवासी मोटारीला. बंब ट्रकच्या वर्गात मोडतो, तो त्यात बसत नाही. आणि ज्यांना तो नंबर मिळतो त्यांनाही गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तेल भरणं, दुरुस्ती, एवढंच.

४) टपावरचा दिवा आणि भोंगा खासगी माणसाने रस्त्यावर वापरायचा नाही. घंटाही हौसेने चौकात बडवू नका.

सड्यावरचा_गणू

पंत, तुमचा प्रतिसाद वाचून मी बाहेर जाऊन एक विडी ओढून आलो.

रस्त्यावर पळवायचा विचार नाहीच. बागेत उभा करायचा, चालू अवस्थेत ठेवायचा. आणि जमलं तर वणव्याच्या दिवसांत पाणी मारायला. इथे मार्चपासून सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळमाळावरचं, गवत पेटतं, आम्ही अजून टहाळे घेऊन झोडपतो.

नाखवा_हर्णै

भाऊ, खाऱ्या वाऱ्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या बोटींवर ट्रकचीच इंजिनं असतात, लेलँडची वगैरे. त्यामुळे जुनं डिझेल इंजिन उघडणारा माणूस तुला बंदरावर मिळेल. शहरातल्या गॅरेजात पोरं आधी स्कॅनरची वायर कुठे लावायची विचारतात. बंदरावरचा मिस्त्री कान लावून सांगतो. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला चौकशी कर.

गंज बघायचा तर रंगाकडे बघू नको, हातोडी घे. लहान हातोडीने शासीवर टकटक करत जा. ठण्ण वाजलं तर लोखंड आहे, भद्द वाजलं तर पापुद्रा आहे. खास करून टाकी जिथे शासीवर बसते ते कोपरे. तिथे वरून पाणी गळतं, खालून खारी हवा, आणि मध्ये लाकडाची पट्टी असेल तर ती बारा महिने ओली.

आणखी एक. बंबाचे वरचे पत्रे कधी कधी ॲल्युमिनियमचे असतात आणि आतला सांगाडा लोखंडाचा. दोन धातू एकत्र आले आणि खारट ओल मिळाली की ॲल्युमिनियमची पांढरी पावडर होते. रिव्हेटच्या भोवती पांढरं पीठ दिसलं तर समज. बोटीला आम्ही जस्ताचा तुकडा लावतो, आधी तो खाल्ला जातो आणि बाकीचं वाचतं. पण ते पाण्यात बुडालेल्या भागाला चालतं, गाडीला नाही. गाडीला मध्ये रबर नाहीतर रंगाचा जाड थर दे.

चिपळूणकर_२१

नाखवांच्या यादीत एक भर. गाडी पुरात बुडालेली नाही ना ते बघा. २२ जुलै २०२१ ला आमच्या बाजारपेठेत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नंतर कितीतरी गाड्या धुऊन-पुसून विकायला आल्या. सीटखाली, वायरिंगच्या नळीत, दिव्याच्या काचेच्या आत बारीक गाळ शोधा. वरून कितीही धुतलं तरी दिव्याच्या आतली चिखलाची रेघ कुणी पुसत नाही. माझ्या टेम्पोचे ब्रेकड्रम आठ दिवसांत असे धरले की चाक कापायची वेळ आली.

वीणा_दापोली

वणव्याबद्दल. गणूभाऊ, स्पष्ट बोलते, राग मानू नका. आमच्या गावातही दरवर्षी काजू जळते. वणव्यासाठी हा बंब निरुपयोगी आहे. भरलेला दहा-बारा टनांचा ट्रक सड्यावर कातळातून नेणार कसा? पाणंदीतून वर चढणारच नाही. आमच्या वाडीने पिकअपच्या हौद्यात पाचशे लिटरची टाकी आणि छोटा पेट्रोल पंप बसवलाय, तो कुठेही जातो. आणि खरी मदत जानेवारीत काढलेल्या जाळरेषेची (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) होते. तुम्हाला बंब हवाय तर हौस म्हणून घ्या, पण हौसेला समाजसेवेचं नाव देऊ नका. मग घरात भांडणं तरी सरळ होतात.

ब्रांच_पाईप

ताई बरोबर बोलल्या. तुमच्या आठवणीतला बंबसुद्धा पाणंदीच्या तोंडाशीच थांबला होता ना? त्याला पुढे येता आलं नाही, हे त्याचं कारण.

सड्यावरचा_गणू

...हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला वाटायचं उशीर झाला म्हणून थांबला.

बरं. मग हौसच.

पुणेरी_निरीक्षक

यासाठी मराठीत चांगला शब्द आहे, जीर्णोद्धार. कृपया रिस्टोरेशन म्हणू नये.

फणसाचा_गरा

जीर्णोद्धार म्हटलं की पावतीपुस्तक छापावं लागतं. गणूदादा, माझे एकशे एक लिहून घ्या. फरशीवर नाव टाका.

माझगावकर

थोडं विषयांतर. माझे आजोबा मूळचे गुहागरकडचे, गोदीत कामाला होते. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज पेटलं तेव्हा ते पाळीवर नव्हते म्हणून आम्ही आहोत. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं. बंबवाले दुपारपासून पाणी मारत होते, चारनंतर दोन स्फोट झाले. मुंबई अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यामुळे. आजोबा घंटा ऐकली की हातातलं काम थांबवायचे, शाळेची असली तरी.

गणू, घेतलास तर घंटा नीट ठेव.

ब्रांच_पाईप

🙏 दरवर्षी त्या दिवशी आम्ही रांगेत उभे राहायचो. धन्यवाद.

सड्यावरचा_गणू

मंडळी, रविवारी जाऊन आलो. ब्रांचकाकांची यादी, नाखवांची हातोडी आणि सोबत मिरकरवाड्याचे एक मिस्त्री (वय सत्तरच्या पुढे, चष्मा दोऱ्याने बांधलेला).

टाकी: गेली. मॅनहोलमधून बॅटरी मारली तर आत गंजाचे पापुद्रे, भाजलेल्या पापडासारखे एकावर एक. तळाला स्क्रूड्रायव्हर टेकवला तो आरपार गेला. मालकांचा चेहरा बघण्यासारखा होता.

शासी: ठण्ण. फक्त मागचा एक आडवा तुकडा भद्द.

पंप: शाफ्ट फिरतो! जड आहे पण फिरतो. डिलिव्हरीच्या दोन तोंडांपैकी एक आहे, दुसऱ्यात कुणीतरी लाकडी खुंटी ठोकलीय. सक्शनचा जाड पाइप नाही.

इंजिन: जाम. मिस्त्रींनी इंजेक्टर काढून भोकांत डिझेल ओतलं, म्हणाले चार दिवसांनी येतो, तोवर कुणी बॅटरी लावली तर हात तोडीन. वॉचमनला पन्नास रुपये दिले.

कागद: आरसीची मूळ प्रत फायलीत सापडली. बँकेचा बोजा नाही, संचालकांचा ठराव करून सही द्यायला तयार आहेत. पंत, हे पुरेल ना? नोंद १९७१ ची निघाली. निरीक्षकसाहेब, क्षमस्व, ताराही हौसेचाच.

टायर: नक्षी शाबूत, बाजूला भेगा. सहाही.

पुणेरी_निरीक्षक

नोंदणी १९७१ ची म्हणजे उत्पादन १९७१ चेच असे सिद्ध होत नाही. असो.

पासिंगवाला_पंत

ठराव, मूळ आरसी, शासी नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा. तिन्ही हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि नेताना ट्रेलरवर घालून न्या. पासिंग नाही, विमा नाही, ब्रेक कसे आहेत देवाला ठाऊक.

कोल्हापुरी_पाना

टायरवरनं एक गोष्ट, मस्करी नाही. जुन्या ट्रकच्या डिस्कला वरनं लोखंडी रिंग-लॉक असतंय. गंजलेल्या रिंगवर हवा भरताना ती उडती, आणि उडली की समोरच्याचं डोकं शिल्लक राहत नाही. आमच्या शेजारच्या दुकानात झालेलं हाय. घरी कॉम्प्रेसर लावून स्वतः भरू नका. ज्याच्याकडं चाक आत ठेवून हवा भरायचा लोखंडी पिंजरा हाय त्याच्याकडंच न्या. पिंजरा नसला तर निदान साखळीनं चाक गुंडाळून, लांब नळी लावून, बाजूला उभं राहून.

दुसऱ्या डिलिव्हरीच्या तोंडाची काळजी सोडा. आहे ते एक काढून आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाठवा, तसंच दुसरं ओतून देऊ. फक्त ओतणाऱ्याला सांगा, जुना तुकडा आहे तसा वाळूत दाबू नको. गनमेटल थंड होताना आकसतंय, नवा तुकडा बारका येतो आणि कपलिंग बसत नाही. लाकडाचा नमुना चवभर मोठा करून घ्यायचा, मग आत मशीनवर माप काढायचं.

जीपवाले_जोशी

टाकी गेली हे तर बरंच झालं. रिकामा बंब चार-साडेचार टनांनी हलका. हौसेच्या गाडीला एवढं पाणी घेऊन करायचंय काय? आत हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी ठेवा, कुणाला दिसत नाही.

ब्रांच_पाईप

जोशीसाहेब, दिसत नाही पण बांधलेली हवी. सुटी टाकी म्हणजे पोटात फिरणारा दगड.

गणूदादा, माझं मत विचाराल तर घ्या. शासी आणि पंप हीच खरी किंमत, ती दोन्ही वाचलीत. बाकी पत्राकाम आहे.

वीणा_दापोली

ठेवणार कुठे? (पुन्हा विचारतेय.)

मालवणी_मेवा

फणसाखाली. दुसरा काय.

सड्यावरचा_गणू (नोव्हेंबर)

धागा वर काढतोय. बरेच महिने गप्प होतो.

बंब घेतला. एप्रिलअखेरीस ट्रेलरवर घालून आणला. आमच्या वाडीच्या अलीकडे जी मोरी आहे तिच्यावरून ट्रेलर न्यायला ड्रायव्हरने नकार दिला, आणि त्याचं बरोबरच होतं. त्यामुळे बंब अजून माझ्या बागेत नाहीच, मोरीच्या अलीकडे चुलत्यांच्या खळ्याशेजारी आहे. काकी म्हणाल्या, "ठेव बाबा, पण तुळशीच्या लग्नाआधी जागा मोकळी करून दे." लग्न पुढच्या आठवड्यात आहे. वीणाताई, हसू नका.

पावसात चूक केली. मे महिन्याच्या शेवटी जाड ताडपत्री घट्ट गुंडाळली, दोऱ्या आवळल्या, खूश झालो. जुलैत एक बाजू उघडून बघितलं तर आत सगळा घाम. ताडपत्री पत्र्याला चिकटली तिथे रंगाला फोड. मग मिस्त्रींनी चार वासे उभे करून वर पत्रे टाकले आणि बाजूंना झापं लावली. वारा खेळता ठेवायचा, पाणी अंगावर येऊ द्यायचं नाही. आमच्या गुरांच्या वाड्याची जी पद्धत तीच.

इंजिन सुटलं. चार दिवस नव्हे, अकरा दिवसांनी. मिस्त्रींनी लांब पहार लावून हळूच दाबली, आधी काहीच नाही, मग पोटातून एक कुईं आवाज आला आणि फ्लायव्हील बोटभर सरकलं. सत्तरीतल्या माणसाने टाळी वाजवली. सुरू व्हायला पुढे दोन महिने गेले, पंपाचे नोझल, डिझेलच्या नळ्या, सगळं काढून. उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं, ते पूर्ण नवीन.

आणि एक गंमत. डाव्या दाराचा रंग ओल्या पॉलिशपेपरने घासत होतो (जुन्या रंगात शिसं असतं, कोरडं घासू नको म्हणून ब्रांचकाकांनी फोनवर बजावलं होतं). लाल थर गेला, खाली दुसरा लाल, त्याखाली राखाडी, आणि राखाडीत हाताने काढलेलं एक पिवळं "ग्नि". काना नाही, वेलांटी पहिली, रेघ थोडी थरथरलेली. रंगाऱ्याने पेन्सिलने मारलेली खालची आडवी ओळ अजून दिसते. मी घासणं थांबवलंय. आता प्रश्न असा की दार रंगवू की असंच ठेवू?

जीपवाले_जोशी

रंगवा. गंज चढेल.

माझगावकर

रंगवू नको.

नाखवा_हर्णै

तेवढा तुकडा सोडून बाजूने रंगव, आणि त्याच्यावर पारदर्शक लाख मार. दोघांचंही ऐकल्यासारखं होईल.

पुणेरी_निरीक्षक

"अग्नि" एकटा असता तर "अग्नी" असा दीर्घ हवा होता. "अग्निशमन" असल्यास ऱ्हस्व. पुढची अक्षरे उघडल्याशिवाय निर्णय देता येणार नाही.

फणसाचा_गरा

शुद्धलेखनासाठी दार घासायला लावणारे पहिलेच तुम्ही.

वीणा_दापोली

मी हसले नाही. (हसले.) घंटेचं काय केलंत?

सड्यावरचा_गणू

आईने केली. आमसुलाच्या पाण्यात फडकं बुडवून घासली, मग राख. पॉलिशची बाटली आणली होती, ती म्हणाली देवाच्या समयांना चालतं ते हिला चालेल.

सड्यावरचा_गणू (एप्रिल)

परवा १४ तारखेला पाणी काढायचं ठरवलं होतं. माझगावकरांमुळेच ती तारीख डोक्यात बसली होती. हकिगत सांगतो.

आधी ब्रांचकाकांनी सांगितलेली कोरडी चाचणी. सक्शनला झाकण, सगळे व्हॉल्व्ह बंद, प्रायमरने आतली हवा ओढायची आणि व्हॅक्यूमचा काटा टिकतो का बघायचं. काटा वर गेला आणि झोपला. पुन्हा केलं, पुन्हा झोपला. मग काकांनी फोनवर सांगितलं, उदबत्ती पेटव आणि सांध्यांजवळून फिरव, जिथे धूर आत ओढला जाईल तिथे फट. काकी म्हणाल्या, "पूजा घातलीस ती बरी केलीस." धूर गेला तो लाकडी खुंटीच्या जागी बसवलेल्या नव्या तोंडाच्या वॉशरपाशी. वॉशर बदलला, काटा टिकला.

मग विहीर. गाव जमला होता, लहान मुलांना शाळेला सुट्टीच होती. सक्शन पाइप सोडला, प्रायमर चालवला, पाणी येईना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कोण म्हणे नारळ फोड, कोण म्हणे इंजिन ताण. शेवटी काकांना फोन.

ब्रांच_पाईप

पुढचं मी सांगतो. मी विचारलं, पाणी किती खाली आहे? म्हणाले एप्रिल आहे ना, नऊ मीटर असेल. म्हटलं दादा, बंब पाणी ओढत नाही, बंब फक्त हवा काढतो. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा, आणि तिची ताकद हिशेबाने दहा मीटरची, प्रत्यक्षात सात. नऊ मीटरवरून पाणी मुंबईचा नवा कोरा बंबही ओढणार नाही. विहीर सोडा, पऱ्याच्या (ओढ्याच्या) कोंडीवर जा.

सड्यावरचा_गणू

कोंडीत अजून पाणी होतं, काठापासून दोन हात खाली. बंब तिथवर स्वतःच्या पायांनी गेला, पहिल्या गिअरमध्ये, मागे पोरं. शेताडीतून, रस्त्यावरून नव्हे, पंत. प्रायमर ओढला, पाइप थरथरला, आणि ब्रांचमधून (पाइपच्या टोकाची तोटी) आधी नुसती हवा, मग तांबूस गढूळ थुंकी, मग पाणी. आंब्याच्या शेंड्यापर्यंत. चार कैऱ्या पडल्या. माझगावकर, घंटा तीनदा वाजवली, आईने.

मोरी अजून तशीच आहे, बंब काकींच्या खळ्यातच आहे. त्यांनी विषय काढणं सोडलंय.

आता एक अडचण, म्हणून मुख्यतः लिहितोय. पंप चालू असताना शाफ्टजवळून, ग्लँडमधून, पाणी गळतं. थेंब थेंब, सतत. नट आवळून बघितला, थांबलं, पण शाफ्ट हाताला गरम लागायला लागला. नवीन पॅकिंग भरू का?

ब्रांच_पाईप

आवळलेला नट आधी सैल करा. ते गळायलाच हवं. थेंब थेंब पडतोय तोवर ग्लँड थंड राहतं, बंद केलंत की जळतं. धार लागली तर मला सांगा, थेंब मोजत बसू नका.

मालवणी_मेवा

खाली बादली ठेव. कोंबयेक पाणी होतला.